साइट लेट का धावते, भो?

‘इन्स्टॉल’ दाबा, ‘अ‍ॅक्टिव्हेट’ दाबा, झालं काम! वर्डप्रेसवर साइट बनवणं इतकं सोपं झालंय. पण फुकट मिळतं म्हणून टाकलेलं एकेक प्लगिन तुमच्या साइटचा वेग कसा खातं आणि त्याचं बिल शेवटी कोण भरतं?

प्रत्येक वर्गात एक जण असतोच. ‘साइट ना? देतो की बनवून, दोन दिवसांत!’ म्हणणारा. किंवा म्हणणारी. कदाचित तो तुम्हीच असाल. कॉलेज शिकता शिकता चार पैसे मिळतात, हात बसतो, बायोडेटात एक ओळ वाढते. आणि आपल्याकडे गिऱ्हाइकांची कमी नाही. नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या युनिटला आपला माल दाखवायचा असतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या धाब्याला मेनू टाकायचा असतो. दोंडाईच्याच्या मिरची व्यापाऱ्याला बाहेरगावची ऑर्डर हवी असते. शिरपूर, शिंदखेडा, धुळ्यातल्या क्लासवाल्यांना ॲडमिशन फॉर्म हवा असतो.

तुम्ही बसता. वर्डप्रेस टाकता. एक झकास थीम घेता. मग सुरू होतं खरं काम. फोटो सरकायला पाहिजेत? स्लायडरचं प्लगिन. व्हॉट्सॲपचं हिरवं बटण? प्लगिन. किती लोक आले ते दाखवणारा आकडा? प्लगिन. वरून बर्फ पडल्यासारखं काहीतरी? त्याचंही प्लगिन आहे, राव! संध्याकाळपर्यंत यादी तीसच्या पुढे जाते. हॉस्टेलच्या वायफायवर, तुमच्या लॅपटॉपवर साइट मस्त उघडते. मालक खूश, तुम्ही खूश.

आणि मग एक दिवस मालकाचा फोन येतो. ‘अरे भो, साइट उघडतच नाही. पांढरंच दिसतं नुसतं.’

साइट बंद पडलेली नसते. ती येत असते. हळूहळू, धापा टाकत. मालकाच्या गिऱ्हाइकाकडे तेवढा धीर नसतो, एवढंच.

आधी हे प्लगिन प्रकरण समजून घेऊ

वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी बाहेर आलं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ‘बीटू’ नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवरून ते उभं केलं. पुढच्याच वर्षी, मे २००४ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीत प्लगिनची सोय आली. कल्पना साधी होती. मूळ सॉफ्टवेअर आटोपशीर ठेवायचं आणि ज्याला जे जास्तीचं हवं ते त्याने बाहेरून जोडायचं. त्यासाठी वर्डप्रेसच्या आत जागोजागी ‘हुक’ ठेवलेले असतात. हुक म्हणजे अक्षरशः खुंट्या. प्लगिन त्या खुंटीवर आपलं काम टांगून ठेवतं. पान तयार होताना ती खुंटी आली, की टांगलेलं काम चालतं.

ही कल्पना इतकी चालली, की आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स वर्डप्रेसवर आहेत आणि त्याच्या अधिकृत डिरेक्टरीत फुकट मिळणारी प्लगिन्सच साठ हजारांच्या घरात आहेत. प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसालाही दुकान थाटता येतं, ते याच्याच जोरावर. म्हणजे प्लगिन काही वाईट नाही. ते नसतं तर तुमची ही पहिली कमाईही नसती.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की प्लगिन टाकताना त्याची किंमत दिसत नाही. ‘फ्री’ लिहिलेलं असतं. पण ती किंमत रुपयांत नसते, सेकंदांत असते. आणि ती तुम्ही भरत नाही, पान उघडणारा भरतो.

एक पान उघडतं तेव्हा काय होतं?

आपल्या ताप्ती लाइनची पॅसेंजर डोळ्यांपुढे आणा. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर, धरणगाव, पाळधी, जळगाव. एक्स्प्रेस गाडी यातली बरीच स्टेशनं सोडून पुढे जाते. पॅसेंजर प्रत्येक ठिकाणी थांबते. प्रत्येक थांबा दोन मिनिटांचाच असतो. पण गाडी थांबायला लागणारा वेळ, सुटून वेग धरायला लागणारा वेळ, असं सगळं धरलं की जळगाव लांबतं. इंजिन तेच असतं, रूळही तेच असतात. थांबे वाढलेले असतात.

वेबपेजचंही असंच आहे. फक्त थांबे तीन ठिकाणी असतात.

पहिलं ठिकाण सर्व्हर. कोणी तुमचं पान मागितलं, की सर्व्हरवर पीएचपी नावाच्या भाषेतला कोड चालतो आणि पान तिथल्या तिथे तयार होतं. या वेळी वर्डप्रेस चालू असलेली सगळी प्लगिन्स उघडतं. सगळी म्हणजे सगळी! पान ‘आमच्याविषयी’चं असेना का, फॉर्मचं प्लगिनही उघडतं आणि स्लायडरचंही. त्यातली काही डेटाबेसला प्रश्न विचारतात. काही तर दर भेटीला डेटाबेसमध्ये नोंद लिहितात. ‘आजवर इतके लोक येऊन गेले’ हा आकडा दाखवणारी त्यातलीच. शंभर-दीडशे रुपये महिन्याच्या शेअर्ड होस्टिंगवर तुमच्यासारख्याच इतर कितीतरी साइट्स त्याच मशीनवर नांदत असतात. तिथे हे ओझं लगेच जाणवतं.

दुसरं ठिकाण रस्ता, म्हणजे नेटवर्क. सर्व्हरने पाठवलेलं एचटीएमएल फोनमध्ये आलं, की ब्राउझर ते वाचतो आणि त्यात लिहिलेल्या बाकीच्या फायली मागवतो. रंगरूपाच्या सीएसएस फायली, हालचालीच्या जावास्क्रिप्ट फायली, फॉन्ट, फोटो. बरीच प्लगिन्स आपापल्या एक-दोन फायली यात घुसवतात. काही फायली तुमच्या सर्व्हरवरून येतच नाहीत. चॅटची खिडकी, नकाशा, शेअर बटणं, जाहिराती, हे सगळं तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरून येतं. प्रत्येक नव्या सर्व्हरशी आधी ओळख करून घ्यावी लागते. त्याचा पत्ता शोधायचा, जोडणी करायची, सुरक्षिततेची देवाणघेवाण करायची. तीन-चार फेऱ्या त्यातच जातात. समजा, कमजोर नेटवर्कवर एका फेरीला पाव सेकंद लागतो. म्हणजे फाइलचा पहिला तुकडा यायच्या आधीच पाऊण ते एक सेकंद गेला. असे पाच वेगवेगळे सर्व्हर असले तर? ब्राउझर शहाणा असतो, जमेल तिथे कामं एकाच वेळी करतो. तरी काही फायली अशा असतात, की त्या आल्याशिवाय तो पडद्यावर काहीच काढत नाही. मालकाला दिसलेलं ‘नुसतं पांढरं’ ते हेच.

तिसरं ठिकाण म्हणजे बघणाऱ्याचा फोन. हे आपण साफ विसरतो. एक एमबीचा फोटो आणि एक एमबीचं जावास्क्रिप्ट यांचं वजन सारखं, पण ओझं वेगळं. फोटो उलगडून दाखवला की संपलं. जावास्क्रिप्ट मात्र फोनच्या प्रोसेसरला वाचावं लागतं, समजून घ्यावं लागतं आणि चालवावं लागतं. तुमच्या नव्या फोनला ते चुटकीसरशी जमतं. काकांच्या पाच वर्षं जुन्या, स्टोरेज भरलेल्या, स्वस्तातल्या फोनला घाम फुटतो. पान दिसतं, पण बोट लावलं तर हलत नाही. ‘हँग झालं रे’ असं काका म्हणतात आणि बाहेर पडतात.

किती, यापेक्षा कसली!

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे बहुतेकांची गफलत होते. ‘दहापेक्षा जास्त प्लगिन्स नकोत’ असा नियम तुम्हाला बऱ्याच व्हिडिओंत ऐकायला मिळेल. असा पक्का आकडा नसतो.

वर्डप्रेससोबत वर्षानुवर्षं ‘हॅलो डॉली’ नावाचं एक प्लगिन येतंय. ते फक्त ॲडमिनच्या पडद्यावर एका जुन्या इंग्रजी गाण्याची ओळ दाखवतं. तेवढंच! असली वीस प्लगिन्स टाकली तरी भेट देणाऱ्याला फरक कळणार नाही. उलट पान ओढून-ताणून रचायला देणारा एखादा भलामोठा पेज बिल्डर एकटाच इतक्या फायली आणतो, की बाकीची सगळी त्याच्यापुढे चिल्लर वाटावीत.

म्हणून प्लगिन मोजू नका, तोला. तोलताना हे प्रश्न विचारा. ते फक्त ॲडमिनसाठी काम करतं की पाहुण्याच्या पानावरही काही आणतं? ज्या पानावर त्याची गरज आहे तिथेच फायली लावतं की सगळीकडे? ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे लाखो साइट्सवर असलेलं चांगलं प्लगिन घ्या. तेही सुरुवातीच्या सेटिंगमध्ये आपल्या फायली प्रत्येक पानावर लावतं, मग त्या पानावर फॉर्म असो वा नसो. ते थांबवायची सोय त्याच्या माहितीपत्रात दिलेली आहे, पण ती वाचतो कोण? तिसरा प्रश्न, ते बाहेरच्या कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून आहे का? आणि चौथा, डेटाबेसमध्ये किती सामान ठेवतं?

या शेवटच्या प्रश्नाचं एक छुपं दुखणं आहे. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये ‘ऑप्शन्स’ नावाचा तक्ता असतो. त्यातल्या काही नोंदींवर ‘ऑटोलोड’ची खूण असते. म्हणजे गरज असो-नसो, दर पानाला त्या वाचल्याच जातात. काही प्लगिन्स आपलं सगळं गाठोडं इथे ठेवतात आणि तुम्ही प्लगिन काढून टाकलं तरी गाठोडं मागेच राहतं. घर सोडून गेलेल्या भाडेकरूचं सामान माळ्यावर पडून राहावं तसं. २०२४ मध्ये आलेल्या ६.६ आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या ‘साइट हेल्थ’मध्ये याची तपासणी होते. हे सामान ८०० केबीच्या वर गेलं, की तिथे इशारा दिसतो. एकदा उघडून बघाच.

आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे एकाच कामाला दोन-दोन प्लगिन्स. एका मित्राने एक एसइओ प्लगिन चांगलं सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. दोन्ही टाकली. आता पानावर तीच माहिती दोनदा जाते आणि गुगल गोंधळतं. कॅशिंगची दोन टाकली तर दोघांची भांडणं. वेग वाढवायला म्हणून आणलेल्या प्लगिननेच साइट पडल्याची उदाहरणं यातूनच घडतात.

पुण्याहून शिकण्यासारखं

हे सगळं अमेरिकेतल्या लोकांचं काम, असं वाटत असेल तर थांबा. जगात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेस थीम्सपैकी एक पुण्यात बनलीय. तिचं नाव ‘ॲस्ट्रा’. सुजय पवार यांच्या ‘ब्रेनस्टॉर्म फोर्स’ या कंपनीने ती २०१७ मध्ये आणली. आज ती दहा लाखांहून जास्त साइट्सवर चालू आहे.

तिच्या यशामागचं एक मोठं कारण आपल्या विषयाचंच आहे. त्या काळात बाजारात ‘सगळं काही एकात’ असलेल्या थीम्सची चलती होती. दहा स्लायडर, पन्नास नमुने आणि त्यासोबत पाच-सहा प्लगिन्स घ्यायलाच लावायचं. ॲस्ट्रावाल्यांनी उलटा रस्ता धरला. जेक्वेरी नावाची सर्रास वापरली जाणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी त्यांनी थीममध्ये घेतलीच नाही, साध्या जावास्क्रिप्टवर भागवलं. थीमच्या फायलींचं वजन ५० केबीच्या आत आहे, असं कंपनी सांगते. आमची थीम हलकी आहे, हीच त्यांची जाहिरात झाली.

पुण्याचीच दुसरी कंपनी ‘आरटीकॅम्प’, राहुल बन्सल यांची. त्यांनी ‘इझीइंजिन’ नावाचं साधन बनवलं. एनजिनएक्स या वेगवान वेब सर्व्हरवर वर्डप्रेस बसवणं त्याने सोपं होतं. त्यांचं ‘एनजिनएक्स हेल्पर’ हे प्लगिनही आहे. तयार पानाची प्रत सर्व्हरच साठवून ठेवतो आणि तुम्ही पानात बदल केला, की हे प्लगिन जुनी प्रत काढून टाकायला लावतं. साठवलेली प्रत देणं म्हणजे काय, तर गिऱ्हाईक आलं की दरवेळी पीठ मळायला न बसता तयार ताट पुढे करणं. पीएचपी नको, डेटाबेस नको, थेट पान हातात.

पण इथेही एक मेख आहे. कॅशिंगने पहिलं ठिकाण, म्हणजे सर्व्हरचा थांबा कमी होतो. पानाला जोडलेल्या पंचवीस फायली तशाच राहतात. फोनला लागणारी धापही तशीच राहते. आणि हलकी थीम घेऊन तिच्यावर चाळीस प्लगिन्स लादली, तर थीमचा हलकेपणा कुठल्या कुठे जातो.

या क्षेत्रातली माणसं दूर नाहीत, हेही सांगायला हवं. वर्डप्रेसवाल्यांचे ‘वर्डकॅम्प’ मेळावे मुंबई, पुणे आणि अगदी नाशिकलाही झालेत. वर्डप्रेसचं मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात आणि त्यात कुणालाही भाग घेता येतो. तुम्हालाही.

मराठीचा हिशेब

तुमची साइट मराठीत असेल तर हा भाग खास तुमच्यासाठी. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, रोमन अक्षराला १. ‘नरडाणा’ या शब्दात काना धरून ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. इंग्रजी स्पेलिंगात तो ७ बाइटमध्ये बसतो. म्हणून मराठी साइट हळू का? अजिबात नाही! हा तुम्ही वाचताय तो अख्खा लेख साधारण ५० केबीच्या आसपास भरेल आणि सर्व्हरने तो दाबून पाठवला तर त्याहून कितीतरी कमी. फोनने काढलेला एक फोटो तसाच चढवला तर तीन-चार एमबीचा. म्हणजे असे साठ-सत्तर लेख एका फोटोत गेले. मजकूर कधीच जड नसतो.

मराठीत जड असतात ते फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये आकार जास्त लागतात, म्हणून त्याची फाइलही रोमनपेक्षा मोठी होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने बनवलेला ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ यांसारखे सुंदर फॉन्ट फुकट मिळतात. ते वापरा, जरूर वापरा. पण फॉन्टचं प्लगिन टाकून पाच फॉन्ट आणि प्रत्येकाच्या सहा जाड्या मागवू नका. एक फॉन्ट, दोन जाड्या, बस्स. नाहीतर सरळ फोनमधला फॉन्ट वापरा. अँड्रॉइडमध्ये ‘नोटो’ देवनागरी आधीच असतो. त्याला डाउनलोडच नाही.

प्लगिनशिवाय होणारी कामं

आता मुद्द्याची यादी. यातली किती कामं तुम्ही प्लगिनने करताय ते बघा.

- व्हॉट्सॲप बटण: ‘डब्ल्यूए डॉट एमई’ आणि पुढे देशाच्या कोडसह नंबर, ही साधी लिंक आहे. बटणाला ती लावली की झालं.
- नकाशा: प्रत्येक पानावर जिवंत नकाशा कशाला? नकाशाचं एक छोटं चित्र काढा आणि ‘रस्ता दाखवा’ अशी लिंक द्या. बोट लावलं की फोनमधलं नकाशाचं ॲप उघडेल.
- यूट्यूब व्हिडिओ: पानात व्हिडिओ चिकटवला, की बघणाऱ्याने तो चालवला नाही तरी प्लेअरचं सामान येतं. व्हिडिओचं चित्र लावून त्याला लिंक द्या.
- लेझी लोडिंग: खालचे फोटो खाली गेल्यावरच उतरवणं. ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस हे आपणहून करतं.
- साइटमॅप: गुगलला लागणारी पानांची यादी. तीही ५.५ पासून वर्डप्रेसमध्येच आहे.
- वेबपी फोटो: कमी वजनाचे हे फोटो २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून थेट चढवता येतात. फोटो चढवण्याआधी लहान करा, हे मात्र तुमचं काम.
- स्लायडर: मालकाला विचारा, पाच सरकणारे फोटो हवेत की एक चांगला फोटो आणि खाली फोन नंबर? बहुतेकदा गिऱ्हाईक नंबर शोधायलाच आलेलं असतं.

तपासायचं कसं?

अंदाजाने प्लगिन काढू नका, मोजून काढा. प्रॅक्टिकलला रीडिंग घेतो ना, अगदी तसं.

आधी बॅकअप घ्या. हे पहिलं, दुसरं आणि तिसरंसुद्धा. मग शक्य असेल तर साइटची दुसरी प्रत बनवा आणि प्रयोग तिच्यावर करा. नुसता हात बसवायचा असेल, तर ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ आहे. ते ब्राउझरमध्येच चालतं, होस्टिंगचा रुपया लागत नाही.

गुगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर साइटचा पत्ता टाका आणि ‘मोबाइल’चा निकाल बघा. डेस्कटॉपचे हिरवे आकडे बघून खूश होऊ नका. तिथे तीन मोजमापं महत्त्वाची. पानातला सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, तो २.५ सेकंदांच्या आत हवा. बोट लावल्यावर प्रतिसाद यायचा वेळ, म्हणजे आयएनपी, तो २०० मिलिसेकंदांच्या आत. मार्च २०२४ पासून जुन्या एफआयडीच्या जागी हे आलंय. आणि वाचता वाचता मजकूर किती उड्या मारतो ते सांगणारं सीएलएस, ते ०.१ च्या आत.

आता एक प्लगिन बंद करा. तीनदा मोजा, मधला आकडा वहीत लिहा. पुन्हा चालू करा, पुढचं बंद करा. कंटाळवाणं आहे, पण तासाभरात गुन्हेगार सापडतो. चालू साइटवरच करावं लागत असेल तर ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ हे प्लगिन घ्या. त्यात प्लगिन्स फक्त तुमच्यापुरती बंद होतात, पाहुण्यांना साइट जशीच्या तशी दिसते. पण त्यात निकाल तुमच्याच ब्राउझरमध्ये मोजावा लागतो, कारण बाहेरच्या साधनाला मूळ साइटच दिसते. क्रोममध्ये ‘नेटवर्क’चा टॅब उघडा, वेग मुद्दाम कमी करा आणि पान पुन्हा उघडा. कोणती फाइल कुठून येते आणि किती वेळ खाते, ओळीने दिसेल. सर्व्हरवर कोण डेटाबेसला पिडतंय ते ‘क्वेरी मॉनिटर’ सांगतं. आणि काम झालं की ही तपासणीची प्लगिन्सही काढा, बरं का. पाहुणे आले, जेवले, आता निघा!

नको असलेलं नुसतं ‘डिॲक्टिव्हेट’ करून सोडू नका, ‘डिलीट’ करा. बंद प्लगिन पान हळू करत नाही हे खरं. पण त्याच्या फायली सर्व्हरवर असतात आणि अपडेट न झालेली फाइल म्हणजे चोराला उघडी खिडकी.

ही नुसती भीती नाही. ‘डिस्प्ले विजेट्स’ नावाचं एक प्लगिन सुमारे दोन लाख साइट्सवर होतं. मूळ लेखकाने ते विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून त्यात चोरवाट घातली आणि लोकांच्या साइट्सवर परस्पर मजकूर टाकायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१७ मध्ये ते डिरेक्टरीतून कायमचं काढलं गेलं. ज्यांनी ते टाकलं होतं, त्यांची चूक काय होती? काहीच नाही. फक्त एक अनोळखी माणूस त्यांच्या घरात राहत होता. जितकी प्लगिन्स, तितके भाडेकरू. म्हणून टाकण्यापूर्वी शेवटचं अपडेट कधीचं आहे, तुमच्या वर्डप्रेस आवृत्तीवर ते तपासलेलं आहे का आणि शंकांना कोणी उत्तर देतं का, एवढं तरी वाचा.

याने खरंच फरक पडतो?

पडतो. मोबाइलवरचं पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ५३ टक्के भेटी अर्ध्यावर सुटतात, असं गुगलने २०१६ मध्ये मांडलं होतं. गुगलने डेस्कटॉपच्या शोधात वेगाला महत्त्व द्यायला २०१० मध्ये सुरुवात केली आणि मोबाइलच्या शोधात जुलै २०१८ पासून. म्हणजे हळू साइट आधी दिसायला मागे पडते आणि दिसली तरी उघडेपर्यंत माणूस निघून जातो. मिरची घेणारा व्यापारी तुमच्या गिऱ्हाइकाची साइट उघडत बसत नाही. तो मागे जातो आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवतो. ऑर्डर गेली. कशामुळे गेली ते मालकाला कधीच कळत नाही, कारण न आलेला फोन मोजता येत नाही.

आणि दुसरी बाजू बघणाऱ्याची. आजघडीला मोबाइलवर उघडणारं मधल्या वजनाचं पान दोन एमबीच्या पुढे गेलंय. दिवसाचा डेटा संपत आलेला आहे, गाडी बेटावदच्या पुढे गेली आहे, नेटवर्कची एकच काडी दिसतेय आणि कुणालातरी ॲडमिशनची शेवटची तारीख बघायची आहे. तिला बर्फ नको असतो, स्लायडर नको असतो. तिला एक तारीख हवी असते. ती तारीख म्हणजे जेमतेम दहा अक्षरं. ती दहा अक्षरं तुमच्या चाळीस प्लगिनांच्या मागे रांगेत उभी आहेत.

तेव्हा पुढची साइट हातात घ्याल, तेव्हा कोटेशनमध्ये एक ओळ वाढवा: ‘मुख्य पान मोबाइलवर अडीच सेकंदांच्या आत दिसेल.’ आकडा लिहून द्या. मग प्रत्येक ‘इन्स्टॉल’ दाबताना हात आपोआप थबकेल. मालकाने ‘अजून एक ते फिरणारं टाक ना रे’ म्हटलं, तर नाही म्हणायला तुमच्याकडे कारण असेल. शिवाय आसपासच्या दहा साइटवाल्यांत असं लिहून देणारे तुम्ही एकटेच असाल, त्याचे दोन पैसे जास्त मागायलाही हरकत नाही.

आणि साइट सोपवण्याआधी एवढं करा. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, गच्चीवर नाही तर आतल्या खोलीत जा आणि पान उघडा. मनात आकडे मोजा. एक, दोन, तीन. तीनपर्यंत फोन नंबर दिसला का? मग पाठवा मालकाला लिंक.